रिकाम्या घरांत दिवे

वहिनींना सगळा बाजार वहिनीच म्हणायचा. घरं विकून देण्याचा, भाड्यानं लावून देण्याचा धंदा मूळचा त्यांच्या नवऱ्याचा. त्याला सगळे दादा म्हणत, म्हणून ह्या वहिनी. दादा अकाली गेला, वहिनी राहिल्या. जिन्याखालच्या त्याच ऑफिसात, फिरवली की मांजरीसारखी ओरडणाऱ्या त्याच खुर्चीत बसून त्यांनी धंदा असा सांभाळला की सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "माझ्या मुलाला जमलं नाही ते हिनं करून दाखवलं. पण तिला सांगू नका हं, डोक्यावर मिरे वाटेल."

घर पाहावं बांधून, असं लोक म्हणतात. वहिनी म्हणायच्या, "बांधून काय कोणीही पाहतं, घर पाहावं दाखवून." आणि दाखवायच्याही तशा. आधी खिडकी उघडायच्या, मग दिवा लावायच्या, नळ सोडून पाण्याचा जोर दाखवायच्या, आणि गिऱ्हाईक स्वयंपाकघरात रेंगाळलं की आपण बाहेर सरकून गप्प उभ्या राहायच्या. कुठं गप्प बसायचं हे ज्याला कळलं त्याचं घर विकलं गेलं, हे दादाचं वाक्य. दादाचं दुसरंही एक वाक्य होतं. "आपलं काम उंबऱ्यापर्यंत. दार उघडायचं, घर दाखवायचं, कुलूप लावून निघायचं. आत कोण कसं राहतं ते आपण बघायचं नाही." हे वाक्य वहिनींनी इतकी वर्षं पाळलं होतं, की आपण ते पाळतो आहोत हेही त्या विसरून गेल्या होत्या.

चौकाच्या पलीकडे पहिलवानाचं ऑफिस. पहिलवान म्हणजे काडीपहिलवान. फुंकर मारली तर रस्ता ओलांडून पलीकडे जाईल असा. जीभ मात्र दोन माणसांची. धंदा एकच, गल्ली एकच, तेव्हा दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. एकदा वहिनींच्या दाराशी पोचलेलं गिऱ्हाईक त्यानं "अहो, तिकडं काय, इकडं या" म्हणून ओढून नेलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. समोरासमोर आले की तो खोकायचा आणि वहिनी पदर सारखा करायच्या, एवढाच काय तो रामराम.

थंडीचे दिवस होते. चौकातल्या जुन्या सहा मजली इमारतीच्या तळमजल्यावर लाँड्री होती. लाँड्रीवाला दुपारी इस्त्री करत असताना त्याच्या टेबलावर पांढरी भुकटी सांडली. त्यानं वर पाहिलं, तर कोपऱ्यातल्या खांबाला बोट जाईल एवढी भेग. तो दार ओढायला गेला, तर रोज लागणारं दार लागेना. चौकटच वाकली होती. शहाणा माणूस. कपडे सोडले, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि जिन्यानं वर पळत प्रत्येक दार बडवत सुटला. संध्याकाळच्या आत सगळी इमारत रस्त्यावर होती. कोणाला खरचटलंही नाही. नगरपालिकेचे साहेब आणि इंजिनियर आले, खांबाला हात लावून पाहिला, आणि दोरी बांधून सगळ्यांना मागं सारलं. आत कोणी जायचं नाही, किती दिवस ते सांगता येत नाही.

बिऱ्हाडं शाळेच्या हॉलमध्ये नेली. वहिनींनी त्या इमारतीत दोन-तीन भाडेकरू लावून दिले होते. जाऊन विचारपूस करावी, थर्मासभर चहा न्यावा, एवढ्याच विचारानं त्या गेल्या. काम उरकून तशाच निघाल्या होत्या, खांद्याला नेहमीची पिशवी.

हॉलमध्ये माणसं होती पण आवाज नव्हता. लहान मुलंसुद्धा मोठ्यांची तोंडं बघून गप्प झाली होती. शाळेचे बाक जोडून त्यावर कोणी मुलाला निजवलं होतं, कोणी म्हाताऱ्याला. शिवणकाम करणारी एक बाई, दिवस भरत आलेले, भिंतीला टेकायला जमेना म्हणून नवऱ्याच्या पाठीला पाठ लावून बसली होती. खालची फरशी बर्फासारखी. कडेला गाणं शिकवणाऱ्या बाई. त्यांना दिसायचं कमी, पण कान तिखट. तिसऱ्या मजल्यावरून खाली कोण आलं ते चपलांच्या आवाजावरून सांगायच्या.

"वहिनी ना? या," बाई म्हणाल्या. "तुमच्या पिशवीत काय वाजतंय हो?"

"किल्ल्या आहेत, बाई."

"एवढ्या?"

"कामाच्या. घरं दाखवायची असतात ना."

"म्हणजे लोकांच्या घरांच्या किल्ल्या तुमच्याकडे? मग ते लोक आत कसे जातात?"

"आत कोणी नसतं, बाई. रिकामी घरं असतात."

"अच्छा," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. पुढं त्या म्हणाल्या, "छान वाजतात," आणि चहाचा पेला दोन्ही हातांत धरून त्याची ऊब गालाला लावत बसल्या.

टोमणा असता तर वहिनींनी परतवला असता. त्यात त्या कमी नव्हत्या. पण ह्या "छान वाजतात"ला उत्तर कुठून आणणार? हॉलच्या पायऱ्या उतरताना पिशवीचा पट्टा खांद्याला रुतायला लागला. रोजचीच पिशवी, रोजचंच वजन.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई शाल गुंडाळून बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा. नगरपालिका म्हणे तंबू शोधतेय."

"आई, किल्ल्या माझ्या नाहीत. विश्वासानं दिल्यात लोकांनी. मी असं परस्पर कसं उघडू?"

"परस्पर उघड असं कोण म्हणतंय? ज्यांच्या आहेत त्यांना विचार. फार तर नाही म्हणतील. नाही ऐकून तू मेली नाहीस आजवर, धंदाच तो आहे तुझा."

वहिनींनी फोन हातात घेतला. आयुष्यभर मालकांना फोन केले होते, पण त्या दिवशी नंबर लावताना दोनदा चुकला. विकायचं काहीच नव्हतं. काही विकायचं नसताना माणसाशी बोलायचं कसं, ह्याची सवयच राहिली नव्हती.

पहिल्या मालकानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही एजंट आहात. समाजसेवा तुमचं काम नाही आणि माझंही नाही. फरशी नवी आहे माझी." फोन बंद. घर त्याचं, मर्जी त्याची.

दुसरा नंबर ज्याचा होता त्याला बाजारात सगळे कवडी म्हणत. गिऱ्हाईक येऊन गेल्यावर दिवा चालू राहिला का ते बघायला हा माणूस दुसऱ्या शहरातून बसनं आला होता. त्याला करावा की नाही, वहिनी जरा थांबल्या. मग डोळे मिटून केला. इमारत, खांब, हॉल, थंड फरशी, ती अवघडलेली बाई, सगळं एका दमात सांगितलं आणि थांबल्या. पलीकडून काहीच नाही.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय." मग कवडी म्हणाला, "ते गीझरचं बटण आहे ना, ते बाथरूमच्या बाहेर आहे, दाराच्या मागं. नव्या माणसाला सापडत नाही. दाखवून द्या त्यांना. आणि त्या बाईलाच द्या माझं घर. तळमजला आहे, जिने चढायला नकोत."

"विजेचं बिल..." असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

"बिलाचं काय घेऊन बसलात!" कवडी ओरडला. कवडी! फोन ठेवल्यावर वहिनी सासूबाईंकडं बघत राहिल्या आणि सासूबाईंनी खरोखरच तोंडात बोट घातलं.

तिसरं घर समुद्रापलीकडं राहणाऱ्या एका मुलीचं. आई गेल्यावर तिनं घर विकायला काढलं होतं, पण मन होत नव्हतं. सामान जागच्या जागी, चादरींखाली झाकलेलं. गिऱ्हाइकांनी खुर्चीवर बसायचं नाही, अशी तिची अट. तिला विचारताना वहिनी मनातून नाही ऐकायची तयारी करूनच बसल्या होत्या. मुलगी बराच वेळ रडली. मग नाक ओढत म्हणाली, "आईच्या कपाटात खालच्या खणात रजया आहेत. किती दिवस ऊन दाखवलेलं नाही, वास येईल त्यांना. सांगा, वासाबद्दल माफ करा म्हणावं."

पुढं त्या फोन करत गेल्या. काही नाही म्हणाले, काहींनी उचललाच नाही. पण जे हो म्हणाले ते असे म्हणाले की वहिनींना वाटलं, ही माणसं इतके दिवस कोणीतरी विचारावं म्हणूनच बसून होती की काय! कोणाशी त्यांनी पाइपगळतीवरून भांडण केलं होतं, कोणाला घासाघीस करून रडवलं होतं. प्रत्येकाची नाडी आपल्याला ठाऊक आहे, असा त्यांचा पक्का समज. आणि त्याच माणसांचे आवाज आता अनोळखी वाटत होते, मोठे वाटत होते.

तरीही घरं पुरेनात. हॉलमध्ये बिऱ्हाडं कितीतरी जास्त. आणि टेकडीच्या उतारावर जी नवी उंच इमारत होती, जिच्यातले फ्लॅट लोकांनी घेऊन नुसते ठेवले होते, जिथं बांधून झाल्यापासून दिवा म्हणून दिसला नव्हता, तिच्या बहुतेक किल्ल्या कोणाकडे? पहिलवानाकडे.

वहिनींनी पदर खोचला आणि चौक ओलांडला. मान खाली घालायची ती घालू, मनात म्हणाल्या. आत शिरल्या तेव्हा पहिलवान टेबलावर डोकं धरून बसला होता. समोर फोन, बाजूला किल्ल्यांचा ढीग.

"आलात?" तो खोकला नाही. "बरं झालं आलात. मी दुपारपासून घसा फोडतोय."

"कशासाठी?"

"कशासाठी काय! तो लाँड्रीवाला माझा मेहुणा आहे. सगळ्या मालकांना फोन करतोय, चार दिवस घर द्या म्हणून. एक जण ऐकत नाही. सगळ्यांना वाटतं, पहिलवान भाडेकरू घुसवतोय, मागून कमिशन मागणार." त्यानं मान वर केली. डोळे लाल झाले होते. "वहिनी, इतकी वर्षं थापा मारल्या. आज पहिल्यांदा खरं बोलतोय, तर कोणाचा विश्वास बसत नाही."

वहिनींना हसू आलं, आणि हसताहसता डोळ्यांत पाणी. त्या त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "लावा फोन. मी बोलते."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कोण बोलतंय! लावा."

एकेक फोन तो लावून द्यायचा आणि वहिनी म्हणायच्या, "हो, पहिलवान खरंच सांगतोय. हो, मी सांगते ना. मी जामीन." ज्या माणसाचं तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतली होती, त्याला त्या जामीन राहत होत्या आणि त्यात त्यांना काही विचित्रही वाटत नव्हतं. मधेच पहिलवानानं गावातल्या बाकीच्या एजंटांना निरोप धाडले. कोणी येणार नाही अशी दोघांची खात्री होती; एजंट म्हणजे दुसऱ्याच्या सावलीतून गिऱ्हाईक पळवणारी जात. पण अंधार पडून गेल्यावर शाळेच्या फाटकाशी पाहतात तो काय, एकेक करून सगळे येताहेत. कोणी स्कूटरवर, कोणी गाडी घेऊन, एक जण तर बायकोचा वाढदिवस सोडून, केकसकट. प्रत्येकाच्या हातात किल्ल्या. एकमेकांकडं बघून सगळे लाजल्यासारखे उभे.

नगरपालिकेच्या साहेबांचा जीव भांड्यात पडला. मालकांचे होकार फोन लावून ऐकवले, त्यांनी मान डोलावली, आणि बिऱ्हाडं निघाली.

वहिनी गाणं शिकवणाऱ्या बाईंना आणि शेजारच्या एका कुटुंबाला घेऊन समुद्रापलीकडच्या मुलीच्या घरी गेल्या. कुलूप काढलं, सवयीनं खिडकीकडं वळल्या आणि थबकल्या. गिऱ्हाईक नव्हतं. खिडकी दाखवायची नव्हती, बंदच राहू द्यायची होती. बाहेर थंडी होती. मागून माणसं आत आली. कोणीतरी चादरी अलगद काढल्या. कोणी कपाटातून रजया काढल्या, त्यांना खरंच बंद लाकडाचा वास होता, आणि एका मुलीनं नाक खुपसून "आजीसारखा वास येतोय" असं जाहीर केलं. स्वयंपाकघरात पाणी तापायला ठेवलं. तिथल्या खिडकीच्या काचेवर वाफ धरायला लागली, खालून वर, हळूहळू, आणि वहिनी त्या वाफेकडं बघत उभ्या राहिल्या.

ह्या ओट्याची लांबी त्यांना तोंडपाठ होती. ह्या खिडकीतून सकाळचं ऊन येतं हे त्यांनी कित्येक गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. पण काचेवर वाफ धरते हे त्यांना माहीत नव्हतं. दाराच्या मागं कोट अडकवल्यावर खोली कशी भरते, दोन माणसं बोलायला लागली की भिंती कशा जवळ येतात, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. उभा जन्म त्या रिकाम्या खोल्या दाखवत आल्या होत्या. घर हे आज दिसत होतं.

बाई भिंतीला हात लावत लावत आतल्या खोलीत गेल्या आणि हळूच एक सूर लावून पाहिला. नुसता एकच. "चांगली खोली आहे," म्हणाल्या, "आवाज धरून ठेवते." वहिनींनी घराची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

बाहेर आल्या तेव्हा रस्त्यात पहिलवान उभा होता. टेकडीकडं तोंड करून. "बघा," तो म्हणाला.

ती नवी इमारत होती. काळी, आंधळी. तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी पिवळी झाली. मग तिच्या शेजारची. मग खूप वर, एकदम टोकाला एक. कुठल्या मजल्यावर कोण एजंट पोचला, हे खालून दिव्यांवरून कळत होतं. कोणी गॅलरीत येऊन खाली बघत होतं, एवढ्या उंचावरून गाव बघायची ती त्यांची पहिलीच वेळ असणार. मजल्यामागून मजला उजळत गेला. रस्त्यावरची माणसं थांबली. भाजीची पिशवी घेतलेली, दुकान बंद करणारी, सगळी वर तोंड करून. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी फोटोसुद्धा काढला नाही. त्या इमारतीतली कितीतरी घरं आपण दोघांनी विकली, आणि ती इमारत अशी दिसते हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं वहिनींच्या मनात आलं.

बरंच पुढं, उन्हाळा लागता लागता, जुन्या इमारतीच्या खांबांना लोखंडी जोड देऊन झाले आणि माणसं आपापल्या घरी गेली. शिवणकामवालीला मुलगी झाली ती कवडीच्या घरी असतानाच. तो बसनं आला, मुलीला बघून गेला, आणि जाताना दिवे बंद करून गेला; माणूस शेवटी तोच. समुद्रापलीकडच्या मुलीनं घर विकायचं रद्द केलं, त्यामुळे वहिनींचा एक मोठा सौदा बुडाला, आणि सासूबाईंनी "चांगला बुडाला" असा निकाल दिला. सगळंच गोड झालं असं नाही. एका घरात भिंतीला ओल धरली, एका मालकाशी पहिलवानाची हमरीतुमरी झाली, आणि नव्या फरशीवाला शेवटपर्यंत नाहीच म्हणाला.

पण एजंटांची जी बैठक पूर्वी एकमेकांची गिऱ्हाइकं कोणी पळवली ह्यावर सुरू व्हायची आणि त्यावरच मोडायची, तिचा रंग बदलला. पहिलवान उभा राहिला. "मला एवढंच म्हणायचंय," तो म्हणाला, "डॉक्टरकडं औषध असतं, मास्तरकडं विद्या असते. आपल्याकडं काय असतं, असं मला वाटायचं. आपल्याकडं लोकांचा विश्वास असतो हो. खिशात घेऊन हिंडतो आपण तो. महिन्यातनं एक दिवस तो लोकांसाठी काढू या. मोठ्या दवाखान्यात बाहेरगावचे पेशंट येतात, त्यांची माणसं फुटपाथवर झोपतात. तिथून सुरुवात करू."

मागच्या रांगेत एक नवा एजंट होता. सासऱ्याच्या धंद्यात नुकताच आलेला, म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणत. तो उठून म्हणाला, "चांगलं आहे. पण ह्यात आपल्याला मिळणार काय?"

काही जण हसले. सगळे वहिनींकडं बघायला लागले.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर या," त्या म्हणाल्या.

सकाळी दवाखान्याच्या दारात एक म्हातारा-म्हातारी उभी होती. मुलाचं ऑपरेशन, मुक्कामाला जागा नाही. दोन गल्ल्या पलीकडं एक रिकामा फ्लॅट होता, मालकानं आनंदानं दिलेला. म्हातारीच्या हातातलं बोचकं जावईबापूनं घेतलं. घ्यावंच लागलं, ती जिना चढू शकत नव्हती. वहिनी खालीच थांबल्या.

तो बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घामानं चिकटला होता आणि बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या.

"नळाला पाणी येत नव्हतं," तो म्हणाला. "ओट्याखालचा कॉक बंद होता. उघडून दिला." "ती आजी पाण्याखाली नुसते हात धरून उभी राहिली, वहिनी. काही बोलली नाही. मला वाटलं, आता बोलेल, मग बोलेल..."

वहिनींनी काही विचारलं नाही. कुठं गप्प बसायचं ते त्यांना कळत होतं. रस्त्यावरची गर्दी वाढत होती. दोघं तिथंच, दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसांकडं बघत जरा वेळ उभे राहिले.

"ते तिकडं झाडाखाली बसलेत," जावईबापू शेवटी म्हणाला, "त्यांना रात्रीची जागा आहे का, विचारू का?"